मेक फास्ट

"पुन्हा वाचा," कॅप्टन अय्यंगार म्हणाले. "आणि सावकाश वाचा."

मी कागद उचलला. इंग्रजी माझंच होतं. कंपनीच्या एजंटने ते टाइप करून घेतलं होतं आणि खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा होता. मी वाचत गेलो. त्या वाक्यांचा अर्थ एवढाच होता: ‘अधिकाऱ्याने वरून ओरडून मला ते जलद करायला सांगितलं. मी ते जलद केलं. मग दोर ताणला आणि तुटला.’

"ते म्हणजे काय?" कॅप्टननी विचारलं. "काय जलद केलं?"

मी जबाब देणाऱ्या खलाशाकडे, कासम होडेकरकडे पाहिलं. तो पलीकडच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. पाठ टेकायची त्याची हिंमत नव्हती. मी काही विचारायच्या आत कंपनीचे वकील चिनॉय उठले. "सर, अर्थ स्पष्ट आहे. माझे अधिकारी सांगत होते दोर सैल सोड, आणि लवकर सोड. या माणसाने घाईघाईत उलट दोर बांधून टाकला. घाई केली हे तो स्वतःच कबूल करतोय. खाली अंगठा आहे."

कॅप्टननी मान हलवली आणि पेन्सिलीने काहीतरी टिपलं. ती पेन्सिल कागदावर फिरताना मी पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडा अभिमानच वाटत होता. माझ्या वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

ही फेब्रुवारी १९७३ ची गोष्ट. जागा, रत्नागिरीचं सरकारी विश्रामगृह. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. इंग्रजी घेऊन एम. ए. झालो होतो, पहिला वर्ग मिळवला होता आणि हायस्कुलात नववी-दहावीला शिकवत होतो. गावात कोणाला इंग्रजी अर्ज लिहून हवा असला की लोक म्हणत, "आठल्ये मास्तरांकडे जा." ऑक्टोबरात त्या मालवाहू बोटीवर अपघात झाला, तेव्हा बोटीच्या कंपनीचे इथले एजंट शेट्येसाहेब माझ्याकडेच आले होते. खलाशाला इंग्रजी येत नव्हतं, चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे या कॅप्टन अय्यंगारांना, मराठी येत नव्हतं. खलाशाचा जबाब इंग्रजीत करून द्यायचा आणि पुढे चौकशीत दुभाषा म्हणून बसायचं, एवढं काम. "चांगलं झालं तर मुंबईच्या ऑफिसात तुमच्यासारख्या माणसाला जागा आहे," असंही ते जाता जाता म्हणाले होते. ते वाक्य मी चार महिने उशाशी घेऊन झोपत होतो.

अपघात असा झाला होता. दुपारी चारच्या सुमाराला बोट धक्क्याला लागत होती. समुद्र फुगलेला होता, बोट पुढे-मागे सरकत होती. बोटीवरून धक्क्यावर टाकलेला एक मनगटाएवढा जाड दोर कासमच्या ताब्यात होता. तो त्याने डेकवरच्या लोखंडी खुंटांना बांधला. बोटीला अजून वेग होता. दोर ताणत ताणत तुटला आणि त्याचं टोक चाबकासारखं उलटं आलं. ते लागलं लतीफला. लतीफ वस्ता, वय पंचवीस. तो जागच्या जागी गेला. लतीफ हा कासमच्या बायकोचा धाकटा भाऊ. कासमनेच खटपट करून त्याला त्या बोटीवर लावलं होतं.

आता प्रश्न एवढाच होता, की दोर बांधायचा हुकूम झाला होता की सोडायचा. बोटीचा दुय्यम अधिकारी, सेकंड मेट भल्ला म्हणत होता, मी सोडायला सांगितलं. तसं असेल तर दोष कासमचा. मग त्याचं खलाशाचं पुस्तक रद्द होणार आणि पुन्हा कुठल्याही जहाजावर त्याला कोणी पाय ठेवू देणार नाही.

तुटलेल्या दोराचा चार-पाच वाव, म्हणजे पंचवीस-तीस फूट लांबीचा तुकडा टेबलाच्या पायाशी पुरावा म्हणून गुंडाळून ठेवला होता. आत आल्यापासून कासमने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

चिनॉय आता कासमकडे वळले. "आणखी एकच मुद्दा, सर. तो रमजानचा महिना होता." मग त्यांनी सरळ कासमला इंग्रजीत विचारलं, "वेअर यू ऑन फास्ट दॅट डे?"

त्या दिवशी तुझा रोजा होता का, असा तो प्रश्न. दिवसभर पोटात अन्नपाणी नाही, दुपारची चारची वेळ, माणूस थकलेला, डोकं ठिकाणावर नाही, असं वकिलांना दाखवायचं होतं. मी मराठीत विचारायला तोंड उघडलं. पण कासमला त्या वाक्यातला एक शब्द ओळखीचा वाटला. तो चटकन उभा राहिला.

"हां साहेब, फास्ट केलंवतं! चांगलं दोन येढं घालून, वर आढी मारून. बरोबर फास्ट केलंवतं."

चिनॉय माझ्याकडे पाहायला लागले. "काय म्हणतोय?"

माझ्या कानांत एकदम दडे बसल्यासारखं झालं. वेढे घालून, आढी मारून. ही दोर बांधायची भाषा होती. रोजा कोणी वेढे घालून करत नाही. आणि घाईसुद्धा कोणी आढी मारून करत नाही.

"मिस्टर आठल्ये?" कॅप्टन म्हणाले.

"तो... तो प्रश्न समजला नाही त्याला, सर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कोणा दुसऱ्याचा वाटला.

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. "जेवून घेऊ. दोन वाजता पुन्हा बसू. मला आजच निकाल लिहून संध्याकाळी कोल्हापूरची गाडी गाठायची आहे."

सगळे उठले. मी मात्र कागदाकडे पाहत बसून राहिलो.

कासम मागच्या अंगणात फणसाखाली एकटाच बसला होता. त्याची बायको हलिमा पुढच्या व्हरांड्याच्या पायरीवर, पाठ करून. सकाळी दोघं एकाच होडीतून खाडी ओलांडून आली होती, पण ती होडीच्या एका टोकाला आणि तो दुसऱ्या, असं शिपायाने मला सांगितलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, लतीफला माती दिल्यापासून हलिमा नवऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

साक्षीदाराशी मध्येच जाऊन बोलणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. तरी गेलो.

"कासमभाई, त्या दिवशी भल्लासाहेब काय ओरडले? त्यांचे शब्द सांगा. तुमचे नकोत."

तो दमलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, मी तुमाला तवाच सांगितलंय. फॉरवर्ड स्प्रिंग मेक फास्ट."

"फास्ट म्हणजे काय?"

"म्हंजे काय, म्हंजे? फास्ट म्हंजे बांधून टाकायचं. घट्ट. बोट धक्क्याला लागली की आपण म्हणतो, बोट फास्ट झाली."

"आणि लवकर? जलद?"

"जलदला फास्ट कोण म्हणतो?" तो खरोखरच चकित झाला होता. "लवकर पायजे तर साहेब क्विक बोलतो, न्हायतर जल्दी बोलतो. वीस वर्षं झाली मला, मास्तर. फास्ट म्हंजे जलद असं कोणा साहेबाने मला सांगितलं न्हाय."

"आणि स्प्रिंग?"

"त्याच दोराचं नाव ते. पुढून निघून मागं जाणारा दोर, तो स्प्रिंग. तुमी तवा इचारलंत, कुठली स्प्रिंग, कसल्या मशीनची. मी हसलो, तुमाला राग आला."

मला आठवत होतं. मी माझ्या मनात त्या स्प्रिंगला एखाद्या यंत्रातली वेटोळी तार समजलो होतो, आणि मुद्द्याशी संबंध नाही म्हणून ते दोन शब्द गाळून टाकले होते. मला पुस्तकांतलं इंग्रजी येत होतं. एका दोराला स्प्रिंग म्हणतात, जहाजाच्या पोटाला होल्ड म्हणतात, जहाज एका अंगाला कललं की त्याला लिस्ट झाली म्हणतात, हे जगात सगळ्या खलाशांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. आणि फास्ट म्हणजे घट्ट हेसुद्धा मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण समोर बसलेला माणूस अंगठा लावणारा होता. त्याला इंग्रजी शब्दाचा सगळ्यात पहिला, सगळ्यात सोपा अर्थच ठाऊक असणार, असं मी धरून चाललो.

"तुमी काय लिवलंत, मास्तर?" कासमने विचारलं. त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

मी सांगितलं.

तो हातातली काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "शेट्येसाहेबांचा माणूस आमच्या घरी कागद घेऊन आलावता. लतीफच्या चाळिसाव्याच्या आधी. हलिमाला, सासूला बसवून वाचून दाखवलान. म्हणाला, तुमच्याच माणसाने लिहून दिलंय, मी घाईघाईत केलं. आता तुमी नुकसानभरपाईचं काय बोलू नका." त्याने मान वर केली. "मी हलिमाला बोललो, मी असं बोललो न्हाय. ती बोलली, कागद खोटा कसा आसंल? मास्तरांनी लिवलाय. मग मलाच वाटाय लागलं, मास्तर... मीच काय बोललो आसंन काय? माझ्याच हातून काय झालं आसंल काय?"

मी तिथून उठलो आणि सरळ हॉलकडे गेलो.

शेट्ये हॉलच्या दाराशी विडी ओढत उभे होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, नेहमी पांढरी पँट. मी त्यांना बाजूला घेतलं. "साहेब, जबाबात चूक झालीय. मेक फास्ट म्हणजे दोर बांध. भल्लांनीच बांधायला सांगितलं होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेल असं मला वाटलं होतं. ते दिसलं नाही.

"बरं," ते म्हणाले.

"तुम्ही तीस वर्षं बोटींच्या धंद्यात आहात," मी म्हणालो. म्हणता म्हणताच मला कळत गेलं. "तुम्ही तो कागद टाइप करून घेतलात. तुम्हाला वाचतानाच कळलं असणार."

"मास्तर, तुम्ही लिहिलंत त्यातला एक शब्द मी बदलला नाही." त्यांनी विडी पायाखाली चुरडली. "काना नाही, मात्रा नाही. खाली तुमची सही आहे, शपथेवर, की हे शब्दशः खरं भाषांतर. आता आत जाऊन सांगणार, ते खोटं होतं म्हणून? आणि ते कधी सुचलं, तर साक्षीदाराला मागे गाठून बोलल्यावर. चिनॉयसाहेब तुमची साल काढतील. शाळेच्या कमिटीवर माझा भाऊ आहे, हे मी सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

"माणसाची रोजीरोटी जातेय, साहेब."

"त्याला मी धक्क्यावर कुठेतरी चिकटवीन. मी काय राक्षस आहे का?" ते माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. मुंबईचं मी बोललोय ते विसरलो नाही. काही करू नका. फक्त गप्प बसा. बाकी सगळं आपोआप होईल."

दोन वाजले. सगळे पुन्हा जागेवर बसले. लघुलेखकाने नवा कागद घातला. भल्ला माझ्या समोरच होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गोरा, दाढी नीट केलेली. पण हाताची नखं पार मुळापर्यंत खाल्लेली मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. चिनॉय समारोपाचं बोलायला उभे राहिले. मी मनात म्हणत होतो, त्यांचं होऊ दे, मग उठू. मग म्हणत होतो, कॅप्टननी विचारलं तर सांगू. मग वाटलं, निकालानंतर पत्र लिहू, ते जास्त नीट होईल. खिडकीतून व्हरांड्याची पायरी दिसत होती. हलिमाचा पदर वाऱ्याने उडत होता आणि ती तो आवरत नव्हती.

"सर," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. मी उभा राहिलो, खुर्ची मागे आपटली.

"सर, मला माझ्या भाषांतरात दुरुस्ती करायची आहे."

चिनॉय थांबले. शेट्यांनी डोळे मिटून घेतले. मी एका दमात सांगून टाकलं: खलाशाचे मूळ शब्द ‘फॉरवर्ड स्प्रिंग मेक फास्ट’ असे होते, मी स्प्रिंग गाळली, आणि मेक फास्टचं जलद केलं.

कॅप्टन अय्यंगारांचा हात टेबलावर तसाच थबकला. त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षं समुद्रावर काढली होती. त्यांना अर्थ समजावून सांगायची गरजच नव्हती.

पण चिनॉय उसळले. "सर, हा काय प्रकार आहे? चार महिन्यांपूर्वी शपथेवर एक, आज दुसरंच! आणि जेवणाच्या सुट्टीत हे गृहस्थ साक्षीदाराशी झाडाखाली बोलताना मी स्वतः पाहिलंय. त्यांनीच त्याला पढवलं नाही कशावरून?"

"बोललात?" कॅप्टननी मला विचारलं.

"हो, सर."

"ते चुकलं तुमचं."

"हो, सर."

"मग आता तुमच्या शब्दाला माझ्या लेखी किंमत नाही. आजच्याही नाही, आधीच्याही नाही. खाली बसा. मी सांगेपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही."

मी बसलो. सगळं संपलं असं मला वाटलं. मी कबूल करून बसलो होतो आणि कासमच्या पदरात त्याचं काहीच पडणार नव्हतं.

कॅप्टन उठले. टेबलाला वळसा घालून त्यांनी तो गुंडाळलेला दोर उचलला. हॉलच्या मधोमध छपराला आधार देणारा सागवानी खांब होता. कासमला त्यांनी खुणेनेच खांबापाशी उभं केलं आणि दोराचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोर हातात येताच कासमचं तोंड पांढरंफटक पडलं. दुसरं टोक स्वतःच्या दोन्ही हातांत धरून कॅप्टन पाच-सहा पावलं मागे गेले. आणि मग त्या मऊ आवाजाच्या म्हाताऱ्या माणसाने अशी आरोळी दिली की लघुलेखक खुर्चीत दचकला.

"होडेकर! मेक फास्ट!"

कासमने विचार केलाच नाही. त्याचे हात आपोआप चालले. एक वेढा, दुसरा वेढा, वरून आढी, अंगाचा भार मागे टाकून ताण. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोर खांबाला घट्ट बसला होता. कॅप्टननी सगळा जोर लावून ओढलं. खांब करकरला, दोर बोटभरसुद्धा सरकला नाही.

"स्लॅक अवे!"

आढी सुटली, वेढे सैल झाले, दोर कासमच्या तळहातांतून हळूहळू, पण हुकमी सुटत गेला.

"मेक फास्ट!"

पुन्हा तेच. पुन्हा तितकंच चटकन.

कॅप्टन त्याच्याजवळ गेले. खलाशांशी बोलायच्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "मेट साब जल्दी करने को क्या बोलता है?"

"जल्दी बोलता, साब. क्विक बोलता."

"फास्ट नहीं बोलता?"

कासम गोंधळून त्यांच्याकडे, मग हातातल्या दोराकडे पाहू लागला. "फास्ट तो ये है, साब."

कॅप्टन भल्लाकडे वळले आणि इंग्रजीत, अगदी हळू म्हणाले, "या माणसाला दोन्ही हुकूम झोपेतसुद्धा कळतात. सोड म्हटलं असतं तर त्याने सोडलं असतं. मुला, तू काय ओरडलास?"

चिनॉय म्हणाले, "मिस्टर भल्ला, उत्तर द्यायची गरज नाही."

भल्लाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला वाटलं बोट थांबलीय, सर. मला तसं दिसलं. मी म्हणालो, मेक फास्ट." मग तो ओंजळीत तोंड घालून बसला. "नंतर सगळे म्हणाले, तू सैल सोड म्हणालास. सगळ्यांनी तसंच लिहिलं. मलाही तसंच आठवायला लागलं."

मला त्याची दया आली नाही असं नाही. तोही माझ्यासारखाच कागदामागे उभा राहिला होता.

कॅप्टन परत खुर्चीत येऊन बसले. लघुलेखकाला त्यांनी सगळं टिपून घ्यायला सांगितलं. मग मला उभं केलं.

"एकच विचारतो. तुम्हाला जहाजाचे शब्द येत नव्हते, हे मी समजू शकतो. कोणालाच सगळं येत नाही. पण जबाब घेताना या माणसाने काय केलं ते तुम्हाला समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही?"

इतका वेळ मी जे कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा, ते आता सांगावं लागलं.

"केला होता, सर."

"कसा?"

"माझ्या टेबलावर शाळेच्या पेपरांचा गठ्ठा होता. सुतळीने बांधलेला. त्याने ती सुतळी सोडली आणि खुर्चीच्या पायाला बांधून दाखवायला लागला. म्हणाला, हे बघा मास्तर, असं. मी त्याला म्हणालो, पेपर विस्कटतील, ते राहू द्या, फक्त तोंडाने सांगा. मी वर पाहिलं नाही, सर. मी लिहीत होतो."

कॅप्टननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बसा," एवढंच म्हणाले.

निकाल त्यांनी तिथेच वाचून दाखवला. कासम होडेकरचा काहीही दोष नाही, त्याचं पुस्तक त्याला आजच परत द्यावं. भल्लाचं सर्टिफिकेट एक वर्षासाठी निलंबित. लतीफच्या घरच्यांना भरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा. आणि शेवटच्या परिच्छेदात, दुभाष्याचं काम निष्काळजीपणाचं होतं, यापुढे अशा कामी त्यास नेमू नये. ते वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

मुंबईची नोकरी तिथेच बुडाली. शाळेतही पुढे दोन वर्षं मला कायम केलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी माझं खरं काम अजून बाकी होतं.

मी व्हरांड्यात गेलो. हलिमाला आतलं काही कळलं नव्हतं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. तिला फक्त ओरडणं ऐकू आलं होतं. मी तिच्यापुढे, दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिलो.

"हलिमाबाई, मी आठल्ये. तो कागद मी लिहिला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिशी-बत्तिशीची असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"त्यात मी चुकीचं लिहिलं. साहेबाने दोर बांध म्हटलं, म्हणून कासमभाईंनी बांधला. यांनी घाई केली नाही. तसं ते बोललेही नव्हते. ते माझ्याच डोक्यातून आलं. भल्लासाहेबांनी आत्ता आत कबूल केलंय."

"म्हंजे ह्यांनी बांधलंन ते बरोबर बांधलंन?"

"बरोबर बांधलं."

"आणि ह्ये खरं सांगत हुते. चार महिने."

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्हीपैकी काही झालं नाही. ती नुसती म्हणाली, "माझ्या भावाच्या चाळिसाव्याला मी ह्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय, मास्तर. भायर उनात बसून हुते. पाण्याचा तांब्या पोरीच्या हातून धाडला." मग थोडं थांबून, "तुमी एवढे शिकलेले. एकदा परत इचारायचं तरी हुतं."

तेवढ्यात कासम दारात आला. हातात त्याचं खलाशाचं निळं पुस्तक होतं. हलिमाला पाहून तो जागीच थांबला, पुढे यावं की नाही ते न कळल्यासारखा. ती पायरीवरून उठली. लुगड्याची धूळ झटकली. वर त्याच्याकडे पाहिलं आणि रोजच्या, अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"चला. ओहोटी लागली तर होडी चिखलात बसंल."

कासमने दाराची चौकट धरली आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. हलिमा दोन पायऱ्या वर चढली, त्याच्या हातातून ते पुस्तक घेतलं, पदरात गुंडाळलं, आणि तो डोळे पुसून चालू लागेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.